आरसी बोटीची मोटर गंजण्यापासून कशी वाचवायची

वर्षभर वापरलेल्या आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या, बोटीची मोटर खोलली की गंज सहसा एकाच जागी सापडतो. शाफ्ट जिथून बाहेर येतो, त्या पुढच्या बेअरिंगवर. मागचं बेअरिंग बहुधा ठणठणीत असतं. बोट उलटून पाणी भरलं म्हणून मोटर गंजली असती, तर दोन्ही बेअरिंगं सारखीच गेली असती. पुढचंच जातं, कारण पाणी बोटीच्या दर फेरीला थेंबाथेंबाने प्रोपेलरच्या नळीतून वर चढतं आणि कपलरवरून, म्हणजे मोटर आणि प्रोपेलरचा शाफ्ट जोडणाऱ्या सांध्यावरून, थेट मोटरच्या तोंडावर उडतं.

३एस बॅटरी, म्हणजे तीन सेल एकामागे एक जोडलेली, ११.१ व्होल्टची. मोटर २००० केव्हीची, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला २००० फेरे घेणारी, असेल तर बिनभाराचा वेग मिनिटाला २२,२०० फेरे. पाण्यात भार आल्यावर तो उतरतो, पण तरीही कपलरवर आलेला थेंब खाली गळत नाही, त्याचे तुषार होऊन चौफेर उडतात. आणि मोटरचं तोंड कपलरपासून जेमतेम बोटभर अंतरावर असतं.

इथे मुख्यतः ६० ते ७० सेंटीमीटरच्या बोटीतली ३६५० किंवा ३६६० मापाची इनरनर (चुंबकाचा रोटर आत फिरणारी) ब्रशलेस मोटर, फ्लेक्स शाफ्ट (पिळलेल्या तारांचा लवचिक दांडा) आणि पाण्याचं कूलिंग धरलं आहे. ३८०, ५४० किंवा ५५० मापाच्या ब्रश मोटरचा मामला थोडा वेगळा, तो पुढे येईल.

गोडं पाणी आणि खारं पाणी

ब्रशलेस मोटरच्या गुंडाळीवर इनॅमलचा थर असतो, त्यामुळे गोड्या पाण्यात बुडालेली मोटर तिथल्या तिथे मरत नाही. ती मरते घरी गेल्यावर, बंद बोटीत, रात्रभर ओली राहून. बेअरिंगच्या गोळ्या आणि कडी क्रोम स्टीलची असतात. त्यांच्यावर तपकिरी छटा यायला एक दमट रात्र पुरते.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पाणी सुकतं, मीठ मागे राहतं आणि हवेतली ओल ओढून घेत राहतं. म्हणून खाडीत चालवलेली बोट वरवर कोरडी दिसली तरी आत गंज चालूच असतो. शिवाय खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं. बॅटरी जोडलेली असताना कनेक्टर भिजले, तर धन बाजूचं तांबं अक्षरशः विरघळतं आणि हिरवा थर जमतो. पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, तसाच हा कळक. फरक इतकाच की व्होल्टेज असल्यामुळे तो काही मिनिटांत चढतो.

जलतरण तलावाचं पाणी लोक गोडं समजतात. त्यात क्लोरीन असतं, तेव्हा धुण्याच्या बाबतीत त्याला खाऱ्याच्याच रांगेत बसवा.

आधी शाफ्ट, मग मोटर

मोटरचं संरक्षण सुरू होतं फ्लेक्स शाफ्टच्या ग्रीसपासून. नळीतलं ग्रीस हेच पाण्याला अडवणारं बूच आहे. ते धुऊन गेलं की नळी म्हणजे मोकळी पन्हळ.

कपलरचा ग्रब स्क्रू किंवा कोलेट सैल करा आणि शाफ्ट मागच्या बाजूने ओढून बाहेर काढा. जुनं ग्रीस फडक्याने पुसा, शाफ्ट रॉकेल किंवा टर्पेंटाइनमध्ये धुऊन पूर्ण सुकवा. शाफ्ट बोटांमधून फिरवताना एखादी तार टोचली, तर शाफ्ट बदलायचा. तुटलेली तार आतल्या टेफ्लॉन नळीला करवतीसारखी कापते. नळीतून पाइप क्लीनर किंवा दोऱ्याला बांधलेली चिंधी आरपार ओढा. पावसाळ्यात गढूळ पाण्यात बोट चालवली असेल तर ही पायरी टाळू नका, कारण बारीक वाळू ग्रीसमध्ये मिसळली की त्याची पॉलिश पेस्ट होते.

ग्रीस किती लावायचं? पोळीवर तूप फिरवतो तेवढं, पण शाफ्टच्या पूर्ण लांबीवर. ठासून भरलं तर शाफ्ट जड फिरतो, मोटर जास्त करंट ओढते आणि पहिल्याच फेरीत उरलेलं ग्रीस कपलरकडून बाहेर फेकलं जातं. वरच्या तोंडाशी मात्र एक जाडसर कडं ठेवा.

गोड्या पाण्यासाठी गॅरेजमधलं साधं लिथियम ग्रीस चालतं, फक्त ते लवकर धुतलं जातं. दर दोन-तीन फेऱ्यांनी शाफ्ट काढावा लागेल. खाऱ्या पाण्यासाठी कॅल्शियम सल्फोनेट जातीचं किंवा आउटबोर्ड इंजिनासाठी विकतात ते मरीन ग्रीस घ्या. मुंबईच्या ससून डॉक किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या मच्छीमार बंदरांच्या आसपास ओबीएमचे, म्हणजे आउटबोर्ड मोटरचे, सुटे भाग विकणाऱ्या दुकानात विचारा. व्हॅसलीन वापरू नका, शाफ्ट तापला की ते पातळ होऊन वाहून जातं. खोबरेल तर नकोच.

शाफ्ट परत बसवताना मागच्या स्ट्रटमध्ये (शाफ्टला आधार देणारा कंस) आणि ड्राइव्ह डॉगमध्ये (प्रोपेलरला फिरवणारी खाचेची कडी) २ ते ३ मिलिमीटर फट सोडा. जोर आला की फ्लेक्स शाफ्ट पिळला जाऊन आखूड होतो. फट नसेल तर डॉग स्ट्रटवर घासतो, मोटर तापते आणि दोष बिचाऱ्या बेअरिंगवर येतो.

मोटरच्या तोंडाशी आडोसा

एवढं करूनही थोडं पाणी वर येणारच. त्यासाठी दोन स्वस्त उपाय आहेत.

पहिला ओ-रिंगचा. मोटरच्या शाफ्टवर घट्ट बसेल अशी एक छोटी रबरी ओ-रिंग कपलर आणि बेअरिंगच्या मध्ये चढवा. ५ मिलिमीटर शाफ्टला ४ मिलिमीटर आतल्या व्यासाची चालते. शाफ्टवरून सरकत आलेलं पाणी ओ-रिंगवर चढतं आणि बाहेर फेकलं जातं, बेअरिंगपर्यंत पोचत नाही. ती बेअरिंगला टेकता कामा नये, मध्ये मिलिमीटरभर जागा हवी.

दुसरा कपलरवर छत्री. कोल्डड्रिंकच्या बाटलीचा अर्धगोल तुकडा कापून कपलरवर कमानीसारखा ठेवा आणि दुहेरी टेपने मोटर माउंटला चिकटवा. कपलर हाताने फिरवून बघा, कुठे घासत नाही ना. वर उडणारे तुषार त्यावर आपटून बोटीच्या तळाशी जातात. दिसायला गावठी, पण काम चोख.

बेअरिंग कोणतं

मोटरसोबत येणारी बेअरिंगं बहुतेक वेळा झेडझेड म्हणजे धातूच्या झाकणाची असतात. त्या झाकणाच्या कडेला फट असते, त्यातून पाणी आत जातं. बदलताना दोन्ही बाजूंना रबर सील असलेलं २आरएस घ्या. ते किंचित जड फिरतं, शर्यत लावत नसाल तर तो फरक जाणवणारही नाही.

माप अंदाजाने सांगू नका. जुनं बेअरिंग काढून व्हर्नियरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजा. ५ मिलिमीटर शाफ्टवर ६८५, ६९५ आणि ६२५ अशी तिन्ही सापडतात. ६९५ म्हणजे ५ × १३ × ४, ६२५ म्हणजे ५ × १६ × ५. पावसाळी चपलांसारखं ‘साधारण बसेल’ इथे चालत नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला ही मापं मिळतात.

४४०सी स्टेनलेसचं बेअरिंग क्रोम स्टीलपेक्षा बरंच टिकतं, पण मीठ तसंच ठेवलं तर त्यालाही खड्डे पडतात. हायब्रिड सिरॅमिकमध्ये फक्त गोळ्या सिरॅमिकच्या असतात. कडी साध्या स्टीलची असेल तर ती गंजणारच. नुसतं ‘सिरॅमिक’ या शब्दाला भुलून चौपट पैसे मोजू नका, कडी कशाची आहे ते विचारा.

वायरी आणि डाग

मोटरच्या तीन वायरींच्या टोकाशी पाणी लागलं की बारीक तांब्याच्या तारा समईच्या वातीसारखं ते आत ओढून घेतात. सिलिकॉनच्या आवरणाखाली तांबं काळं पडत जातं, बाहेरून काही दिसत नाही. मग एक दिवस डाग द्यायला, म्हणजे सोल्डर करायला, गेलं की त्या काळ्या तारेवर कथील पकडतच नाही. कल्हई केलेल्या, म्हणजे रुपेरी तारांची वायर घ्या. थोडे पैसे जास्त जातील.

डाग देताना पिवळ्या डबीतली आम्लधर्मी सोल्डरिंग पेस्ट टाळा. तिचा उरलेला अंश पाण्याशिवायही तांबं खातो. रोझिनचा फ्लक्स वापरा. आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी बुलेट कनेक्टरच्या मुळापासून वायरीवर किमान १५ मिलिमीटर येऊ द्या, तोंडाशी गोंद वितळून बाहेर आला म्हणजे झालं. ४ मिलिमीटरच्या बुलेटवर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात फिरवला की पाणी बसायला जागाच उरत नाही.

सेन्सर असलेली मोटर बोटीत घालू नका. गुंडाळी पाण्याला दाद देत नाही, पण रोटरची जागा ओळखणाऱ्या हॉल सेन्सरची छोटी पट्टी लगेच जाते.

कूलिंगची नळी

कूलिंग हा मोटर वाचवण्याचा उपाय आणि पाणी आत आणण्याचा राजमार्ग, दोन्ही आहे. मोटरभोवती पाणी खेळवणाऱ्या जॅकेटच्या दोन टोकांना ओ-रिंग असतात, त्या कडक झाल्या की गळतात.

तपासणी अशी: बाहेर जाणाऱ्या नळीच्या तोंडावर बोट दाबा, आत येणाऱ्या बाजूने ५० मिलिलिटरच्या सिरिंजने पाणी दाबा आणि जॅकेटच्या दोन्ही कडांना टिश्यू पेपर गुंडाळून ठेवा. गळती असेल तर कागदावर डाग लगेच उमटतो, डोळ्यांना दिसत नाही तेव्हासुद्धा. ओ-रिंग नायट्राइल रबरची असेल तर सिलिकॉन ग्रीस लावा. ती सिलिकॉनची असेल तर सिलिकॉन ग्रीस लावू नका, फुगते. नळी निपलवर तशीच सोडू नका, छोटा झिप टाय आवळा. मध्येच निसटली तर बोट स्वतःचंच पोट भरत राहते.

पाणी आधी ईएससीतून, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरमधून, आणि मग मोटरमधून न्या, कारण थंड पाण्याची गरज ईएससीला जास्त. फेरीआधी सिरिंजने पाणी सोडून बाहेर धार येते ना बघा, आणि बोट चालू असतानाही धारेवर नजर ठेवा. पाषाण तलाव किंवा रंकाळ्यासारख्या ठिकाणी जलपर्णीचे धागे पाणी आत घेणाऱ्या पिकअपच्या भोकात अडकतात. धार बंद झाली की थ्रॉटल लगेच सोडायचा.

खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियमचं जॅकेट, पितळी निपल आणि स्टेनलेस स्क्रू एकत्र आले की अॅल्युमिनियमचा बळी जातो. आटे धरतात, पांढरी भुकटी जमते आणि निपल काढताना तुटतो. नवीन असतानाच प्रत्येक आट्याला थोडं मरीन ग्रीस लावून ठेवा.

काठावरचा पहिला अर्धा तास

मोटर टिकणार की नाही हे इथे ठरतं. पिशवीत ह्या वस्तू हव्यात: ५ लिटर गोडं पाणी, ५० मिलिलिटरची सिरिंज, जुना बनियन किंवा टॉवेल, डब्ल्यूडी-४०, शिलाई मशीनच्या तेलाची कुपी.

१. सर्वात आधी बॅटरी काढा. ओली असेल तर पुसून बोटीपासून दूर, उघड्यावर ठेवा.

२. मोटरला हात लावा. हात टिकत नसेल तर दहा मिनिटं थांबा. गरम मोटरवर गार पाणी ओतलं की आतली हवा आकसते आणि बेअरिंगच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं.

३. खाऱ्या पाण्यात चालवली असेल तर कूलिंगमधून तीन-चार सिरिंजा गोडं पाणी सोडा आणि मग रिकाम्या सिरिंजने हवा मारून नळी मोकळी करा. गोड्या पाण्यात फक्त हवा पुरे.

४. बोट उलटी करून आतलं पाणी काढा, कपलरच्या आजूबाजूचा भाग टॉवेलने टिपा. घासू नका, ग्रीसमधली वाळू मोटरकडे ढकलली जाते.

५. पुढच्या बेअरिंगवर डब्ल्यूडी-४०चा एक छोटा फवारा, शाफ्ट हाताने पंधरा-वीस फेरे. जास्तीचं पुसा.

६. मग त्याच बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, मागच्यालाही एक.

पाचवी पायरी करून सहावी सोडणारे पुष्कळ. डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवणारा फवारा आहे, नावातले डब्ल्यू आणि डी त्याचेच. तो बेअरिंगमधलं पाणी काढतो आणि जाता जाता तिथलं ग्रीसही धुऊन नेतो. स्वतः मात्र वंगण म्हणून फार काळ टिकत नाही. त्यानंतर तेल घातलं नाही तर पुढच्या फेरीला बेअरिंग कोरडंच धावणार.

७. झाकण उघडं ठेवूनच बोट घरी न्या. झाकण आणि टेप लावून गाडीच्या डिकीत ठेवली की आतली ओल मोटरच्या उष्णतेने वाफ होते आणि गार झाल्यावर सगळ्यात आधी धातूवर बसते.

मोटर पूर्ण बुडाली तर

गोड्या पाण्यात बुडाली असेल तर वरचीच कृती, फक्त मोटर बोटीतून काढून. खाऱ्यात किंवा चिखलात बुडाली असेल तर त्याच दिवशी खोलावी लागते.

मोटर आधी बादलीभर गोड्या पाण्यात बुडवून शाफ्ट हाताने फिरवा, पाणी बदलून पुन्हा. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर शेवटचं विसळणं डिस्टिल्ड वॉटरने, तेच जे गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळतं. अर्धा लिटर पुरतं.

मागचं झाकण आणि डबा यांवर मार्करने एक सरळ रेघ मारा, म्हणजे परत लावताना भोकं चुकणार नाहीत. टेबलावर स्वच्छ वर्तमानपत्र पसरा. लोखंडी पक्कड, ब्लेड, स्क्रू सगळं दूर ठेवा. स्क्रू काढा आणि रोटर सरळ रेषेत ओढा. चुंबक जोरदार असतो, सुटताना बोट चिमटतं. शाफ्टवरच्या पातळ चकत्या कोणत्या बाजूला किती होत्या त्याचा लगेच फोटो घ्या. रोटरला चिकटलेला लोखंडाचा कीस सेलोटेप दाबून उचलून काढा.

गुंडाळी आणि डबा आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा. पेट्रोल नको. मग सुकवायचं, आणि इथे घाई नडते. साध्या निओडायमियम चुंबकाची ताकद ८० अंश सेल्सियसच्या पुढे कायमची उतरू लागते. म्हणून ओव्हन नाही, हीट गन नाही. हेअर ड्रायर मंद आचेवर, वीतभर लांबून, डब्याला हात लावता येईल इतपतच. नाहीतर पंख्याखाली चोवीस तास. तांदळाच्या डब्यात ठेवण्याने फक्त तांदळाचा कोंडा आत जातो. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरने हवा मारायचा मोहही टाळा, त्या टाकीत तळाशी पाणी आणि तेल साठलेलं असतं. शिवाय हवेच्या झोताने कोरडं बेअरिंग गरगर फिरवलं की गोळ्यांवर ओरखडे उठतात.

बेअरिंग बोटावर धरून हळू फिरवा. करकर लागत असेल तर तेल घालून वेळ काढू नका, बदला. नवीन बसवताना फक्त बाहेरच्या कडीवर, त्याच मापाचा बॉक्स पाना ठेवून दाबायचं. आतल्या कडीवर ठोकलं तर गोळ्यांचे डाग कडीवर उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं.

रोटरवर नुसती तपकिरी छटा असेल तर तेलाच्या फडक्याने पुसून पुढे चला. निकेलचा थर फुगून फोड आला असेल किंवा पोपडा निघत असेल तर रोटर बाद. आतला चुंबक फुगत जातो आणि रोटर व गुंडाळीमधली फट इतकी कमी असते की एका फेरीत तो गुंडाळी सोलून काढतो. पॉलिश पेपरने घासणं हा त्यावर इलाज नाही, त्याने उरलासुरला थरही जातो.

ब्रश मोटर

हिच्यात करंट कार्बन ब्रशमधून कम्युटेटरवर जातो आणि दोन्ही उघडे असतात. भिजली तर वरच्या खिडक्यांमधून डिस्टिल्ड वॉटर घाला, हाताने फिरवा, झटका. मग दोन पेन्सिल सेलवर, म्हणजे ३ व्होल्टवर, दोन-तीन मिनिटं बिनभाराने चालवा. हळू फिरण्याने पाणी फेकलं जातं आणि आतली उष्णता बाकीचं सुकवते. शेवटी दोन्ही बुशना, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या कड्यांना, एकेक थेंब तेल. थेंब बुशवर, कम्युटेटरवर नाही. तिथे तेल गेलं की कार्बनची भुकटी चिकटून काळा लेप बसतो.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. आयसोप्रोपिल, पेट्रोल किंवा फवाऱ्याने ओली असलेली ब्रश मोटर कधीही सेलला जोडू नका. ब्रशखाली ठिणगी पडतेच, आणि ही सगळी द्रव्यं पेट घेतात. पूर्ण उडून जाईपर्यंत, निदान अर्धा तास, थांबा. डब्याला डाग दिलेले १०४ लिहिलेले छोटे कपॅसिटरही बघून घ्या, त्यांचे पाय गंजून तुटतात आणि मग रिसीव्हर अडखळायला लागतो.

जूनमध्ये बोट माळ्यावर टाकताना

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने मोटर न वापरताही गंजते. शाफ्ट काढून वेगळा, ग्रीस लावून, प्लास्टिक पिशवीत. मोटरच्या दोन्ही बेअरिंगना तेल. कूलिंगची नळी एका टोकाने मोकळी सोडा. मोटर काढता येत असेल तर झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ५० ग्रॅम सिलिका जेलसोबत ठेवा. रंग बदलणारं जेल घ्या आणि रंग बदलला की ११० ते १२० अंशांवर तापवून परत वापरा, अर्थात स्वयंपाकाच्या भांड्यात नाही. महिन्यातून एकदा शाफ्ट हाताने पाच-सहा फेरे फिरवायचा, म्हणजे तेल गोळ्यांवर पसरतं.

पावसाळा संपल्यावर बॅटरी जोडण्याआधी मल्टिमीटर घ्या. तीन वायरी ईएससीपासून सोडवा. एक प्रोब वायरीला, दुसरा मोटरच्या शाफ्टला किंवा एखाद्या स्क्रूला. डब्याला लावू नका, कारण त्यावर रंगीत अॅनोडायझिंगचा थर असतो आणि तो वीज वाहू देत नाही, मग खराब मोटरही चांगली दिसते. रीडिंग ओपन यायला हवं. किलोओहममध्ये काही आकडा आला तर आत ओल किंवा मीठ आहे. धुऊन, सुकवून पुन्हा मोजा. सुकल्यावरही आकडा जात नसेल तर इनॅमल गेलं.

गुंडाळीतला आतल्या आतला शॉर्ट मल्टिमीटरला दिसत नाही, तिथला रोध इतका कमी असतो. त्यासाठी तिन्ही वायरी एकमेकींपासून लांब धरून शाफ्ट फिरवा. फक्त चुंबकाचे खटके जाणवायला हवेत. मग दोन-दोन वायरी एकत्र टेकवून फिरवा, शाफ्ट जड होईल. तिन्ही जोड्यांना जडपणा सारखाच असेल तर मोटर ठीक. वायरी सुट्या असतानाच शाफ्ट मधात फिरतोय असं वाटलं आणि बेअरिंग मात्र चांगलं असेल, तर ती मोटर ईएससीला जोडू नका. जोडलीत तर ईएससीही तिच्याबरोबर जाईल, आणि तो मोटरपेक्षा महाग असतो.